उंदरांचा नैवेद्य

घूस म्हणजे काय हे मला लग्नाआधी ठाऊक आहे असं मला वाटायचं. गिरगावात आमच्या चाळीमागच्या गटारात घुशी होत्या, चांगल्या मांजराएवढ्या, आणि त्या दिसल्या की आम्ही पोरी परकर वर धरून किंचाळत जिने चढायचो. पण ती गटारातली घूस. शेतातली घूस मी पाहिली ती बोरिवलीला सासरी आल्यावर. ती बांध पोखरते. आत लांबच लांब बिळं काढते, एका कप्प्यात पिल्लं, एका कप्प्यात भाताच्या लोंब्या, आणि बाहेर ओल्या मातीचे असे ढीग लावून ठेवते की बघणाऱ्याला वाटावं इथे कुणी विहीर खणायला घेतलीय.

हे सगळं पन्नासच्या दशकातलं. तेव्हा बोरिवलीला कुणी मुंबईत धरत नसे. माझं तिथलं स्थळ ठरलं तेव्हा चाळीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, "जंगलात देतायत तुला. वाघ आला तर उखाणा घे, पळून जाईल." मी हसले, पण उखाणा मनातल्या मनात जुळवून ठेवला. स्टेशनच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचं कौलारू घर होतं. मागे ओटा, ओट्याखाली परस, परसाला लागून आमची भाताची खाचरं, आणि त्यापलीकडे ओढा नि करवंदीच्या जाळ्या. घरात माणसं तीन. सासूबाई, हे आणि मी. सासरे लग्नाच्या आधीच वारले होते. हे फोर्टातल्या एका ऑफिसात जात आणि दिवेलागणीला परत येत.

सासूबाई वाईट बाई नव्हत्या. मी हे मुद्दाम आधी सांगते, कारण सासू म्हटलं की वाचणाऱ्याचं मत आधीच झालेलं असतं. त्या शिस्तीच्या होत्या, तोंडाच्या फटकळ होत्या, आणि त्यांना एकाच गोष्टीची चीड होती. "आमच्याकडे असं नसतं" हे माझ्या तोंडचं वाक्य. मी पहिल्या महिन्यात ते आमटीत गूळ घालण्यावरून म्हटलं, मग तुळशीला पाणी घालायच्या वेळेवरून म्हटलं, आणि मग एकदा केरसुणी उभी ठेवायची की आडवी यावरून म्हटलं. तेव्हा त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्याकडे काय असतं ते तुमच्याकडे ठेवून आलीस ना? मग आता या घरात जे असतं ते बघ." त्यानंतर मी ते वाक्य गिळायला शिकले. घशाशी यायचं, पण मी ते तिथूनच परतवायचे. प्रत्येक घराची रीत वेगळी असते, नव्या सुनेनं विचारायचं नसतं, बघून शिकायचं असतं. हे मला माझ्या आईनंही सांगितलं होतं, म्हणजे दोन्हीकडून माझं तोंड बंद.

नवऱ्याशी बोलण्याचीही पंचाईत होती. त्या काळी सासूच्या देखत नवराबायको बोलत नसत, आणि तीन खोल्यांच्या घरात सासूच्या देखत नाही अशी जागाच नव्हती. फक्त दिवेलागणीला सासूबाई देवापुढे जपाला बसत. तेवढा वेळ मागचा ओटा आमचा. पण तिथेही बोलायचं काय? आम्ही एकमेकांना ओळखतच नव्हतो. हे ऑफिसातल्या पंख्याबद्दल काही सांगत, मी हो म्हणत असे, आणि मग दोघंही खाचराकडे बघत बसत असू.

श्रावणात एका संध्याकाळी ह्यांनी माझ्या दंडाला हलकेच हात लावला आणि पुटपुटले, "हलू नकोस. बांधाकडे बघ."

बांधावर एक मांजर बसलं होतं. मला आधी वाटलं कुणाचं तरी पाळीव असेल. पण ते उंच पायांचं होतं, रंगानं वाळलेल्या गवतासारखं, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वळी, आणि कानांच्या टोकांना केसांचे झुबके. ते घुशीच्या बिळासमोर बसलं होतं आणि इतकं गप्प की मी पापणी मिटून उघडली तर ते दिसेनासंच झालं, मग पुन्हा सापडलं. बिळातून माती उडत होती. आत घूस काम करत होती, बिचारीला बाहेर कोण बसलंय त्याचा पत्ता नव्हता. माती उडायची थांबली. एक काळं नाकाड बाहेर आलं. पुढचं मला दिसलंच नाही, फक्त एक गुरगुर आणि चिरकणं ऐकू आलं, आणि मग ते मांजर आपल्या निम्म्याएवढी घूस तोंडात धरून मान उंच करून ओढ्याच्या दिशेनं चालू लागलं.

"रानमांजर," हे म्हणाले. "आई बाऊल म्हणते. बघितलंस का कसं बसलं होतं? आमच्या साहेबाला असा धीर असता तर!"

मी मोठ्यानं हसले. लग्नानंतर पहिल्यांदा. मग घाबरून तोंडावर पदर घेतला, पण सासूबाईंचा जप चालूच होता.

तेव्हापासून आम्ही रोज बसू लागलो. ती मादी होती हे काही दिवसांनी कळलं, कारण करवंदीच्या जाळीतून तिची दोन पिल्लं बाहेर डोकावताना ह्यांनी मला दाखवली. ती बिळावर यायची, बसायची, कधी घूस मिळायची, कधी नाही. नाही मिळाली की ती पाठ फिरवून अंग चाटत बसे, आपल्याला हवीच नव्हती असा आव आणून. त्यावर आम्ही पैज लावत असू. आज मिळणार, आज नाही. हे हरले तर दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरल्यावर माझ्यासाठी सोनचाफ्याचं फूल आणायचे आणि सासूबाईंना संशय नको म्हणून त्यांच्यासाठीही आणायचे. प्रेम वगैरे शब्द आम्ही कधी वापरले नाहीत. पण आम्हा दोघांचं असं काही त्या घरात असेल, तर ते ती मांजर होती.

आता भाताची गोष्ट. भाद्रपद लागला, लवकर येणारं हळवं भात निसवलं, कणसांत दूध भरू लागलं, आणि घुशींनी दांडे कापायला सुरुवात केली. सकाळी जावं तर खाचराच्या मधोमध कापून आडवं पडलेलं भात. त्या काळी धान्याची ओढाताण होती, आणि घरचा तांदूळ म्हणजे वर्षाची निश्चिंती. सासूबाई रोज शेतावर जाऊन येत आणि ह्यांना जेवताना ऐकवत. "तुझे वडील असते तर बांधावर झोपले असते. तू टाय लावून जातोस आणि टाय सोडून झोपतोस." हे खाली मान घालून जेवत. "करतो काहीतरी, आई," म्हणत.

शेतात विष मात्र घालायचं नाही, हे सासूबाईंचं ठाम होतं. गणपतीचं वाहन ते. त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेली रीत अशी की गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, उंदरांना नैवेद्य द्यायचा. कोकणात कुठे कुठे त्याला उंदीरबी म्हणतात. तांदळाच्या पिठाचे, गूळखोबरं घातलेले लहान गोळे उकडायचे, हळदीच्या पानावर घालून बांधावरच्या बिळांपाशी ठेवायचे आणि सांगायचं, मामा, हा तुमचा वाटा, तो घ्या आणि आमचं भात सोडा. मग मागे वळून न बघता घरी यायचं. नैवेद्य घरातल्या सुनेनं न्यायचा. त्या वर्षी ती मी.

गणपतीच्या काही दिवस आधी ओट्यावर बसलेलो असताना हे म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या एकाच्या गावाला एक पूड वापरतात. पिठात कालवून टाकायची. बांध साफ!"

"आणि ही?" मी विचारलं. मांजर तेव्हा बिळावर बसलेली होती.

"हिचं काय?"

"घूस विष खाईल, ही घूस खाईल. मग?"

त्यांनी मांजरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हं. ते आहेच."

"आणि आईंना चालणार नाही."

"छे छे, आईला तर नाहीच चालणार. मी आपलं सांगितलं."

मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही ती पूड घालणार नाही असा शब्द द्या. मी त्यांच्याकडे तोवर काही मागितलं नव्हतं. साडी नाही, माहेरी जायची परवानगी नाही. ते हसले, आणि मग मी हसत नाही असं बघून त्यांनी माझ्या गळ्याला दोन बोटं लावली. "तुझ्या गळ्याची शपथ. झालं?" झालं. मला एवढं सुख झालं की त्या संध्याकाळी घूस मिळाली की नाही ते माझ्या लक्षातही नाही.

चतुर्थीला गणपती बसले. पाच दिवसांचे. पंचमीला मी पहाटे उठून गोळे उकडले. त्या दिवशी आम्हा बायकांचा ऋषींचा उपास, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, पण उंदरांना उपास नव्हता, त्यांचा गूळ मी हात सैल सोडून घातला. गोळे पानावर मांडले, तेवढ्यात सासूबाईंनी पूजेची फुलं निवडायला हाक मारली. मी गेले. परत आले तर हे स्वयंपाकघरात, नैवेद्याच्या पानापाशी. गोळ्यांना काळे तीळ लावलेले.

"तीळ कशाला?" मी विचारलं.

"उंदरांच्या नैवेद्याला लावतात आमच्याकडे," हे म्हणाले. "तू विसरलीस वाटतं. मीच लावले."

काळे तीळ पितरांना. देवाच्या नैवेद्याला काळे तीळ कुणी लावत नाही, माझ्या माहेरी तर नाहीच. वाक्य घशाशी आलं. आमच्याकडे असं नसतं. आणखी एक गोष्ट होती. पान उचललं तेव्हा लसणाचा वास आला. गणपती घरात असताना लसूण घराच्या आसपास नव्हता. तरी वास होता. मग आठवलं, केरसुणी, तुळस, आमटीतला गूळ. प्रत्येक घराची रीत वेगळी. मी वाक्य गिळलं, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. त्यांनी मला दार उघडून दिलं.

मी बांधावरच्या प्रत्येक बिळापाशी वाकून गोळा ठेवला. सासूबाईंनी शिकवलं होतं तसं मोठ्यानं म्हटलं, "मामा, जेवा. तृप्त व्हा." लाज वाटत होती, हसूही येत होतं. मागे वळून न बघता घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाचरातल्या पाण्यात घुशी तरंगत होत्या. पोटं फुगलेली, पाय वर. बांधावरही होत्या, बिळातून अर्ध्या बाहेर आलेल्या. सासूबाई बघून आल्या आणि देवापुढे बसल्या. मी ओढ्याकडे धावले. मला कुणी सांगायला नको होतं. ती करवंदीच्या जाळीच्या अलीकडे, पाण्याकडे तोंड करून पडली होती. पाणी प्यायला निघाली असणार. तोंडाला फेस वाळलेला. शेजारी अर्धी खाल्लेली घूस. मी तिला तोवर एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. कानांवरचे झुबके वाऱ्यानं हलत होते, म्हणून मला एकदा वाटलंही की ती जिवंत आहे.

जाळीत पिल्लं ओरडत होती. मी वाटीत दूध आणून ठेवलं, लांब जाऊन बसले. ती बाहेर आली नाहीत. काटे बाजूला करून हात घालायला गेले तर आणखी आत सरकली. दुसऱ्या दिवशी तिथून आवाज येईनासा झाला.

लहानपणापासून ऐकलं होतं की गळ्याची शपथ मोडली तर ज्याचा गळा त्याला ती बाधते. माझा गळा शाबूत होता. मी जेवत होते, पाणी पीत होते. तरी ती मेलेली सापडली त्या दिवशी दुपारपर्यंत मला वाटत होतं की ह्यांनी नसेल केलं. कुणीतरी शेजारच्यांनी पूड टाकली असेल. माणूस आपल्या मनाशी किती घासाघीस करतो! मग न्हाणीघरात चुलीसाठी सरपण काढताना, लाकडांच्या मागे पत्र्याची डबी सापडली. झाकण उघडलं. राखाडी काळी पूड, आणि तोच लसणाचा वास, एवढा की डोळ्यांतून पाणी आलं. पूड दिसू नये म्हणून तीळ लावले होते.

हे कसं सुचलं तेही मला तिथेच कळलं. शेतात विषाचे गोळे ठेवले असते तर ह्यांच्या आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या घरातून बिळापर्यंत जाऊ शकेल असं एकच अन्न होतं, आणि ते नेऊ शकेल असा एकच हात होता. आईला भात हवं होतं, हो. आईला विष नको होतं, हो. मला मांजर हवी होती, हो. ह्या माणसाला कुणालाच नाही म्हणता आलं नाही. म्हणून त्यांनी सगळ्यांना हो म्हटलं आणि काम माझ्या हातून करून घेतलं. मी ज्यांना माझ्या तोंडानं जेवायला बोलावलं, त्यांना मी विष वाढलं.

डबी घेऊन मी सासूबाईंकडे गेले आणि तीळ कुणी लावले ते सांगितलं. त्यांनी वास घेतला. मला वाटलं आता माझ्यावर तोफ सुटणार. पण त्या एकदम खाली बसल्या. "माझ्या नैवेद्यात?" म्हणाल्या. "माझ्या सासूच्या हातची रीत ती. त्याला माहीत आहे. लहान होता तेव्हा माझं बोट धरून बांधावर यायचा." मग त्या रडायला लागल्या. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मीही रडत होते. त्यांनी माझा हात धरला. आम्ही दोघी मागच्या ओट्यावर बसून होतो, आणि मला आठवतं, एवढ्या दुःखातही माझ्या मनात आलं की आता या घरात मी एकटी नाही. "येऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "देवापुढे विचारते."

हे दिवेलागणीला आले. सासूबाईंनी त्यांना हातपाय धुऊ दिले, मग डबी गणपतीपुढे ठेवली. समई लावलेली होती.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

ह्यांनी डबीकडे बघितलं. "उंदरांचं औषध. ऑफिसातल्या एकाने दिलं होतं. आणून ठेवलं होतं नुसतं."

"मग नैवेद्यात कुणी घातलं?"

मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता खरं सांगतील. चुकलं म्हणतील. मी मनातल्या मनात त्यांना माफही करून टाकलं होतं, फक्त त्यांनी तोंडानं म्हणायची वाट बघत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "तिला विचार. गोळे तिने वळले. घेऊन तीच गेली होती."

मला आधी कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलतायत. मग मी म्हटलं, "अहो, तीळ तुम्ही लावलेत ना?"

"कसले तीळ?"

बस्स. एवढंच. आवाजही चढवला नाही. मी सासूबाईंकडे वळले. त्यांना माहीत होतं. दुपारी त्यांनीच म्हटलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि मला त्यांच्या तोंडावर दिसलं की त्यांनी ठरवलंय. दुपारी माझ्याबरोबर रडलेली बाई संध्याकाळी त्याची आई झाली.

"पुरे," त्या म्हणाल्या. "नवीन आहे ती. सरपण काढताना हाताला लागलं असेल, तीळ समजून लावलं असेल. सणासुदीला घरात वाद नको. सूनबाई, देवापुढे नाक घास, म्हणजे झालं."

मी उभी होते. ह्यांनी उपरण्यानं मान पुसली. बाहेर अंधार पडत होता. मी एकोणीस वर्षांची होते आणि माहेरी परत जाणं म्हणजे काय असतं हे मला ठाऊक होतं. मी खाली बसले आणि जे केलं नव्हतं त्याची क्षमा मागितली. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला आणि ती मला दिलीसुद्धा.

त्या वर्षी भात उत्तम आलं. असं भात कित्येक वर्षांत आलं नव्हतं असं सगळे म्हणाले. तो तांदूळ मी वर्षभर निवडला, रांधला, वाढला आणि खाल्ला. मागच्या ओट्यावर मी बसायचं सोडलं. हे काही दिवस बसले, हाका मारल्या, मग तेही बसेनासे झाले. चाफ्याचं फूल एकदा आणलं होतं. मी ते देवाला वाहिलं.

लोकांना वाटेल की पुढे संसार कडू झाला. तसं नाही. हे चांगले होते. पोरांच्या तापात जागणारे, माझ्या आईच्या आजारपणात धावणारे, हात कधी न उगारणारे. मी त्यांच्याबरोबर हसले, भांडले, चार मुलं वाढवली. फक्त त्यांनी एखाद्या गोष्टीला हो म्हटलं की मी दुसरी सोय करून ठेवत असे. शेतं गेली, प्लॉट पडले, घर गेलं, आम्ही त्याच जागेवरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. माझी दुसरी सोय चालूच राहिली, आणि त्यांनी कधी विचारलं नाही की ही असं का करते.

ती गोष्ट मात्र घरात राहिली. सासूबाई होत्या तोवर त्या सांगत, दर गणपतीत, आल्यागेल्याला, अगदी कौतुकानं. "आमच्या सूनबाईने पहिल्याच वर्षी उंदीरमामांना अस्सं जेवायला घातलं की एक उठला नाही!" लोक हसत. मी मोदक वाढत असे. हेही हसत, जरा कमी हसत. त्यांच्या हसण्यातला तो कमीपणा मी इतकी वर्षं धरून होते. मला वाटायचं, निदान यांना ठाऊक आहे. आम्हा दोघांना ठाऊक आहे, त्या डबीत काय होतं आणि हात कुणाचा होता. खोट्यालाही एक साक्षीदार असतो, आणि तो माझ्या शेजारी झोपतो.

सासूबाई गेल्यावर बरीच वर्षं कुणी सांगितली नाही. मग एका गणपतीत ह्यांनीच ती नातीला सांगितली. हे तेव्हा रिटायर होऊन बसलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बोलण्यात रंगून जाणारे. त्यांनी घुशींची नक्कल केली, माझ्या डोक्यावरच्या पदराची नक्कल केली, नात हसून लोळली. ते मनापासून हसत होते. त्या हसण्यात काही कमी नव्हतं.

पोरं गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं. "अहो, ती पूड कुणी घातली होती?"

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं, अगदी मायेनं. "अगं, तूच की," ते म्हणाले. "किती घाबरली होतीस! आई तुला घराबाहेर काढायला निघाली होती. मी मध्ये पडलो म्हणून वाचलीस. विसरलीस?"

मी त्यांच्या चेहऱ्यात खूप वेळ शोधलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं.